शेवटचा थांबा, रावेर

आमच्या कॉलनीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. पहिलं असं, की निवृत्तीनंतर माणसाचं डोकं फिरतं. दुसरं जरा दयाळू आहे: बायको घरात नसली की माणसाचं डोकं फिरतं. डोकं फिरलंय याबद्दल मात्र दुमत नाही, आणि मीही त्याविरुद्ध कधी अपील केलेलं नाही.

कारण उजाडलं की मी कापडी पिशवी खांद्याला लावून लळिंगच्या डोंगराच्या बाजूच्या रिकाम्या ले-आउटकडे निघतो. पिशवीत प्लास्टिकच्या तीन थाळ्या असतात. तिथं पोचलो की एका दगडाशी उभा राहतो आणि दूरच्या बाभळीला टांगलेल्या केळीच्या कॅरेटकडे थाळी फेकतो. मग चालत जाऊन ती उचलतो आणि पुन्हा फेकतो. कॅरेटमध्ये पडली की पुढचा दगड. कमीत कमी फेकींत सगळी कॅरेटं गाठायची, एवढाच नियम. याला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि पांढरी पँट येते. आमच्याकडे हिरवळीच्या जागी गोखरू आहे, आणि पँटचं विचारू नका.

धुळ्यात हा खेळ खेळणारा मी एकटाच. जळगावात कुणी असेल तर माझ्या कानावर आलेलं नाही. म्हणजे दोन जिल्ह्यांत पहिला मीच, आणि शेवटचाही मीच.

माझी सगळी नोकरी बसस्थानकावर गेली. आधी जळगावला, मग निवृत्त होईपर्यंत धुळ्याला. नियंत्रकाच्या खोलीत बसून मी गाड्या पुकारायचो. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, पारोळा, एरंडोल मार्गे जळगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागली आहे.' ज्यांनी माझ्या काळात धुळ्याहून गाडी धरली असेल, त्यांनी माझा आवाज ऐकलाय, आणि बहुतेकांनी त्यावर विश्वास न ठेवता पुन्हा खिडकीशी येऊन विचारलंय. दिवसभर पुकारून पुकारून घरीही माझा आवाज तसाच निघायचा. मीठ मागितलं तरी शेजारच्या गल्लीला कळायचं. बायको म्हणायची, अहो, हळू बोला, इथं गर्दी नाही.

आता खरोखरच गर्दी नाही, आणि हळू बोला म्हणणारंही कुणी नाही.

बायको पुण्याला गेली ती लेकीच्या बाळंतपणाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण लेकीचा दवाखाना तिथला, नोकरी तिथली, आणि धुळ्याचा उन्हाळा तिला आता सोसत नाही. मग असं ठरलं, की लेकीनं माहेरी यायचं नाही, माहेरानंच लेकीकडे जायचं. सव्वा महिन्यासाठी म्हणून बायको गेली. सव्वा महिन्याचे सहा महिने झाले. मग बाळाला दात आले, मग बाळ चालायला लागलं, मग सांभाळायला बाई मिळेना, आणि मिळाली ती टिकेना. आता नात बालवाडीत जाते आणि तिची आजी तिला सोडायला-आणायला जाते. यात कुणाचं काही चुकलेलं नाही. तीच तर पंचाईत आहे. कुणाचं चुकलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मीही तिथं राहून पाहिलं. अकराव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बायको लेकीच्या खोलीत, बाळाजवळ. मी हॉलमध्ये दिवाणावर. बाळ झोपलं की बोलायचं नाही, आणि बाळ सारखं झोपायचं. मी शिंकलो तरी सगळं घर माझ्याकडे बघायचं. गॅलरीतून खाली पाहिलं की माणसं दिसायची, पण हाक मारून थांबवावं असं त्यांत कुणी नव्हतं. मी खोलीत येरझारा घालायला लागलो. शेवटी एका रविवारी जावयालाच माझी दया आली. म्हणाला, पप्पा, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो.

गंमत शहराबाहेरच्या एका टेकडीवर होती. चार-पाच तरुण पोरं लोखंडी खांबाला लावलेल्या टोपल्यांत थाळ्या फेकत होती. टोपलीवर साखळ्या लोंबत होत्या. थाळी त्या साखळ्यांना लागली की 'खळ्ळ' असा आवाज व्हायचा आणि ती अलगद टोपलीत बसायची. जावयानं माझ्या हातात एक थाळी दिली. माझी पहिली फेक झुडपात गेली, दुसरी जावयाच्या पोटरीला लागली. तिसरी साखळ्यांना लागली.

तो आवाज ऐकला आणि मी कामातून गेलो. आयुष्यभर मी माणसांना गाड्यांत बसवून रवाना करत आलो, पण ती पोचली की नाही हे मला कधी कळायचं नाही. इथं रवाना केलेली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत मुक्कामाला पोचत होती आणि वर पोचल्याची वर्दी देत होती. धुळ्याला परतताना माझ्या पिशवीत तीन थाळ्या होत्या आणि बायको पुण्यातच होती.

रावेर हे तिचं माहेर. तिच्या भावाची केळी आहे, त्यामुळे कॅरेटांना तोटा नव्हता. मी फोन करून फुटकी कॅरेटं मागितली तेव्हा मेहुण्याला वाटलं, मी म्हातारपणी कोंबड्या पाळणार. गाडीवाल्याबरोबर त्यानं नऊ कॅरेटं पाठवली आणि सोबत कोंबड्यांना खुराक काय घालावा याचा सल्लाही. साखळ्या मी बाजारातून घेतल्या. बैलांच्या साखळ्या, दावी, गोंडे विकणारा एक जण बसतो. त्यानं विचारलं, "कितला बैल शेतस भाऊ?" मी म्हटलं, एकही नाही. त्यानं साखळ्या पुन्हा एकदा मोजून दिल्या आणि मी दिसेनासा होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. त्या पुरल्या एकाच कॅरेटला. म्हणून बाकीची कॅरेटं मुकी आहेत आणि शेवटचं तेवढं बोलतं.

ले-आउट आमच्या कॉलनीच्या पुढे आहे. प्लॉट पाडून झाले, दगड रोवून झाले, रस्ते आखून झाले आणि मग काय झालं कुणास ठाऊक, सगळं तसंच राहिलं. बाभळी आल्या, एक मोठा कडुनिंब आधीपासून होता. मी झाडं निवडून कॅरेटं टांगली आणि जवळच्या दगडांवर चुन्यानं नावं लिहिली. नावं शोधावी लागली नाहीत. नऊ कॅरेटं, आणि धुळ्याहून रावेरला जाताना माझे आवडते थांबेही नऊच: फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव, भुसावळ, सावदा आणि रावेर. साखळ्यांचं कॅरेट रावेरला, कडुनिंबाखाली. लग्न ठरल्यावर मी या रस्त्यानं कितीदा गेलो त्याचा हिशेब नाही. बसस्थानकावर ओळख असल्यानं मला खिडकीची जागा मिळायची. सावदा गेलं की मी भांग पाडायला लागायचो.

या नादाबद्दल खरं सांगायचं तर लाज वाटेल इतकं सांगण्यासारखं आहे. थाळ्या तीन प्रकारच्या असतात, लांबची, मधली आणि जवळची. मी त्यांना जलद, निमआराम आणि साधी म्हणतो. भांड्यांच्या दुकानात शिरलो की माझा हात आपोआप ताटांच्या काठांवरून फिरतो. दुकानदार जाडी विचारतो, मी मनात वाऱ्याचा विचार करत असतो. नात्यातल्या एका तेराव्याच्या जेवणाला वावटळ आली आणि एक पत्रावळ उडून सुंदर डावीकडे वळत मांडवाबाहेर गेली. मी नकळत 'वा' म्हणालो. यजमानांना वाटलं, मी वांग्याच्या भाजीला म्हणालो. त्यांनी अजून वाढली. खांदा धरला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काही जड उचललं का. मी सांगितलं, पंखे पुसत होतो. त्यांनी विचारलं, रोज?

ले-आउटवर माझ्याखेरीज रोज येणारा एकच माणूस, बकऱ्या चारणारे एक आबा. ते कडुनिंबाच्या सावलीला, म्हणजे थेट रावेरला बसतात. त्यांच्या एका बकरीनं माझ्या निमआरामचा काठ कुरतडला, तेव्हापासून ती गाडी उजवीकडे ओढते. आबांनी बरेच दिवस काही विचारलं नाही. मग एकदा विडी विझवून शांतपणे म्हणाले, "कोनी वाढाले नही का भाऊ घरमा, रोज थाळी फेकाले येतस?"

मी हसलो. आबाही हसले. पण घरी येऊन शिळ्या भाकरीचा तुकडा दुधात कुस्करत होतो, तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवलं आणि दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

एकट्यानं खेळायचं म्हणजे स्वतःच फेकायचं, स्वतःच आणायचं आणि स्वतःच वाद घालायचा. थाळी कॅरेटच्या काठावर अडकली तर धरायची की नाही यावर मी माझ्याशी भांडलेलो आहे, आणि हरलोही आहे. पुढेपुढे मी पुकारायला लागलो. 'एरंडोलहून पाळधीकडे जाणारी जलद गाडी बाभळीत बिघडली आहे, प्रवाशांनी सहकार्य करावे.' बकऱ्या आधी कान टवकारायच्या. आता त्याही लक्ष देत नाहीत, अगदी प्रवाशांसारख्या.

मग एका सकाळी ते झालं. सावद्याच्या दगडाशी उभा राहून मी जलद सोडली. वारा पडलेला होता. थाळी सरळ गेली, शेवटी जरा डावीकडे झुकली आणि थेट साखळ्यांवर आदळली. खळ्ळ. एका फेकीत रावेर. या खेळात माणसं हे होण्याची वर्षानुवर्षं वाट बघतात. मी दोन्ही हात वर करून उभा राहिलो आणि मागे वळलो. मागे कुणी नव्हतं. आबा त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला गेले होते. दूर हायवेवरून ट्रक जात होते. मी मोठ्यानं पुकारलं, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, सावद्याहून निघालेली गाडी विनाथांबा रावेरला पोचली आहे.' माझाच आवाज लळिंगच्या बाजूनं थोडासा परत आला.

मी पुण्याला फोन लावला. मागे कुकर, टीव्हीवरचं कार्टून आणि नातीचं रडणं. मी सांगितलं काय झालं ते. ती म्हणाली, बरं झालं. मग म्हणाली, "जेवलात का?"

सकाळचे साडेसात वाजले होते. तिचा दोष नव्हता, तिच्या हातात नातीचा एक बूट होता आणि दुसरा सापडत नव्हता. पण फोन ठेवल्यावर मी रावेरच्या कॅरेटपाशी जाऊन खाली बसलो. मला बायकोची फार आठवण आली. घरात भांडी वाजवणारी, टीव्हीचा आवाज कमी करा म्हणणारी, माझ्या थाळ्यांवर तोंड टाकणारी ती मला घरात हवी होती. एवढी साधी गोष्ट मी तिला आजवर सांगितली नव्हती. तिकडे लेकीची ओढाताण दिसत होती, मग इकडून कोणत्या तोंडानं म्हणायचं, की ये? पण त्या सकाळी मी ठरवलं. आखाजीला ती येणार होती. तेव्हा तिला समोर बसवून सांगायचं, आता राहा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात दिवाळीहून कमी नाही. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, घागरी भरतात. या वर्षी लेकीनं रजा काढली होती. लेक येणार म्हणजे नात येणार, आणि त्यांच्यासोबत ती.

मी तयारीला लागलो. घर झाडलं, जाळी काढली, माळ्यावरून खापर उतरवून धुतलं. गॅलरीच्या हुकाला झोका बांधला. आणि पुण्याच्या एका दुकानातून फोनवरून एक चौथी थाळी मागवली. लाल, वजनाला हलकी, नवशिक्या हातांसाठी. ती आली तेव्हा मी साधी, निमआराम आणि जलदच्या शेजारी ठेवून पाहिली आणि उगाच खूश झालो.

त्या तिघी आल्या आणि घर भरलं. नातीनं पहिल्याच तासात माझा चष्मा वाकवला. बायको पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली, आणि थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला. "अहो, हळद कुठे ठेवता?"

मी उठून डबा काढून दिला. तिनं घेतला. तीस वर्षं तो डबा ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात असायचा. मी कधीतरी तो हाताशी म्हणून खिडकीत आणला होता.

सणाच्या दिवशी तिनं खापरावर पुरणपोळ्या केल्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ही पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर या हातावरून त्या हातावर झेलत झेलत ताटाएवढा, मग त्याहून मोठा करत नेतात आणि मनगटाच्या एका झटक्यानं उपड्या खापरावर टाकतात. झटका चुकला की पोळी फाटते. मी दारात उभा राहून तिचं मनगट बघत होतो. ती म्हणाली, असे काय बघताय, कधी पाहिलं नाही का? मी म्हटलं, पाहिलंय, पण कामाच्या नजरेनं पाहिलं नव्हतं. संध्याकाळी माझ्याबरोबर चल.

उन्हं कलल्यावर आम्ही दोघंच निघालो. वाटेत ती कुरकुरत होती, चपलेत गोखरू जातात म्हणून. पहिल्या दगडापाशी मी लाल थाळी तिच्या हातात दिली आणि धरायचं कसं ते दाखवलं. तिनं माझं ऐकलं नाही. खापरावर पोळी टाकावी तशी तिनं थाळी टाकली. ती वाकडी न होता, न डगमगता फागण्याच्या कॅरेटखाली जाऊन पडली. माझी जलद बाभळीत होती.

तिसऱ्या दगडानंतर तिनं कुरकुर थांबवली. एरंडोलला खाली वाकून चुन्याची अक्षरं वाचली. मागे वळून आलेल्या वाटेकडे पाहिलं, मग पुढे. पाळधी, जळगाव, भुसावळ. प्रत्येक दगडाशी ती वाकून नाव वाचत गेली. सावद्याला पोचल्यावर म्हणाली, "ही तर माझ्या माहेरची गाडी."

मी म्हटलं, हो.

"मला वाटायचं, तुम्ही नुसते उन्हात फिरता."

रावेरला तिची दुसरी फेक साखळ्यांना लागली. खळ्ळ. ती दचकली, मग हसली, आणि कॅरेटमधून थाळी काढून परत मागे जाऊन उभी राहिली. म्हणाली, अजून एकदा. मग अजून एकदा. आबा बकऱ्या गोळा करत होते, तेही थांबून बघायला लागले. मोजलं तर ती जिंकली होती, चार फेकींनी. माझ्या जिभेवर आलं होतं, की राहा आता. तेवढ्यात लेकीचा फोन आला, नात आजीसाठी रडतेय म्हणून, आणि आम्ही झपाझप परत निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. बॅगा दारात आल्या तेव्हा शेजारच्या अक्का तबक घेऊन आल्या. अक्का सत्तरीच्या, कॉलनीतल्या सगळ्या लेकींची पाठवणी त्याच करतात. माहेराहून निघालेल्या लेकीची ओटी भरल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्यांनी लेकीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी तिच्या पदरात घातली. लेक उठली. अक्कांनी तबकाकडे पाहिलं, दारातल्या बॅगांकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे.

"ये, तुनी बी भरस," त्या म्हणाल्या. "तू बी पाहुनीच शे ना आते, माय."

त्यात टोमणा नव्हता. अक्कांच्या मनात तसं काही येतच नाही. दोघी बाहेरगावाहून आल्या, दोघी निघाल्या, तबकात दोघींपुरतं होतं. पण घरच्या बाईची निरोपाची ओटी तिच्याच घरात भरतात हे मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मला वाटलं, बायको हसून नको म्हणेल. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग पाटावर बसली आणि पदर पसरला. म्हाताऱ्या माणसाचा हात मागे कसा लोटायचा. अक्कांनी तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि कानशिलांवर बोटं मोडली.

अक्का गेल्यावर मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. मी म्हटलं, आता राहा ना. एवढंच म्हटलं. आवाज माझा, पण फार लहान निघाला.

ती ओट्याला टेकून उभी होती, पदरातली ओटी दोन्ही हातांनी धरून. म्हणाली, लेकीची रजा संपली, पोरीला कुणाकडे सोडू. मी म्हटलं, हो, तेही आहे. मग ती म्हणाली.

"तुम्हाला वाटतं, मी तिथं माणसांत आहे. पोर शाळेत गेली की मी कुणाशी बोलते ठाऊक आहे? लिफ्टमध्ये एक बाई मजले पुकारते, टेपवरची. ती अकरा म्हणाली, की मला वाटतं, हे असते तर फलाट क्रमांक अकरा म्हणाले असते. मग मी एकटीच हसते."

इतके दिवस मला वाटत होतं, एकटेपण सगळं माझ्या वाट्याला आलंय आणि तिच्या वाट्याला घर. मी तिचा हात धरला. बाहेर रिक्षा आली होती आणि लेक हाका मारत होती. ती म्हणाली, तुम्ही बॅगा घ्या, मी गॅस बघून आले.

बसस्थानकावर आता पुकारणीही टेपवर असते. पुण्याची गाडी फलाटावर लागल्याचं एका अनोळखी, गोड आवाजानं सांगितलं. मी नातीला उचलून खिडकीतून आत दिलं. गाडी हलली तेव्हा बायकोनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि मनगट जरा झटकलं, थाळी टाकतात तसं. माझं लक्ष तिच्या हाताकडे होतं, चेहरा नीट बघायचा राहिला.

घरी आलो. झोका तसाच लोंबत होता. काहीतरी करायचं म्हणून भात लावायला घेतला आणि तांदळाचा डबा उघडला. वरच्या तांदळाला कुंकू लागलेलं होतं. हात घातला तर सुपारी लागली, मग हळकुंड. मी देवघरात गेलो, तिथं नारळ होता. कपाट उघडलं, खण तिच्या साड्यांवर घडी करून ठेवलेला. माहेरवाशीण ओटी पदरात बांधून घेऊन जाते. गॅस बघायला म्हणून मागे राहिलेल्या माझ्या बायकोनं तिची ओटी तिच्या घरात उतरवून ठेवली होती. हळदीचा डबा ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात होता.

मग मी थाळ्यांची पिशवी बघितली. लाल थाळी तीत नव्हती.

तिचा फोन आला तेव्हा गाडी नाशिकच्या वाटेवर होती. तिनं जेवलात का असं विचारलं नाही. म्हणाली, "भात लावला का?"

मी म्हटलं, लावतोय. डबा उघडला. मी विचारलं, थाळी? ती म्हणाली, मी आणलीय, सोसायटीच्या बागेत माळ्याची नजर चुकवून सराव करीन. आणि म्हणाली, कानबाईला येते. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, आणि तिच्या प्रसादाचे रोट घरच्याच माणसांनी खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. मी म्हटलं, अक्कांनी विचारलं तर काय सांगू? ती म्हणाली, सांगा, घरची बाई कामाला गेलीय. मागे नात थाळी मागत होती. फोन कट झाला, घाट लागला असेल.

मी सुपारी आणि हळकुंड काढून देवापुढे ठेवलं. तांदूळ धुतले, कुकर लावला. शिट्टी होईस्तोवर स्वयंपाकघरात उभा राहिलो. मग घसा खाकरला आणि रिकाम्या घरात, पूर्वी बसस्थानकावर पुकारायचो तेवढ्या आवाजात पुकारलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुण्याहून धुळ्याकडे येणारी गाडी उशिरा धावत आहे."

हळू बोला असं कुणी म्हणालं नाही.